छापखानेवाली लुइसा लॉसन आणि फुकट छापून देण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कॉलेजातल्या मुलीला महिला दिनाच्या भाषणासाठी विषय मिळालाय, वसाहतीच्या काळातली अशी उद्योजिका जिनं बायकांच्या मताधिकाराला पाठिंबा दिला. तिनं सिडनीची लुइसा लॉसन निवडली, पण तिचे सर म्हणाले की ही तर समाजसुधारक, शिवाय एका मोठ्या लेखकाची आई, हिला उद्योजिका म्हणणं ओढूनताणून वाटतं, दुसरी कोणी बघ. तर लुइसाला उद्योजिका म्हणावं का, आणि तिच्या धंद्याचा मताधिकाराला नेमका काय उपयोग झाला, असं तिनं विचारलंय.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही हे आधीच सांगते. म्हापशात आमचा छोटा छापखाना आहे, सासऱ्यांनी घातलेला, नवरा गेल्यावर मी चालवला, खिळ्यांच्या, म्हणजे एकेका अक्षराच्या शिशाच्या ठशांच्या, काळापासून ते आत्ताच्या ऑफसेटपर्यंत तीस वर्षांच्या वर झाली. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावतीपुस्तकं, बोडगेश्वराच्या जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं आणि निवडणुका आल्या की उमेदवारांची पत्रकं, हे आमचं खाणं. लुइसाबद्दल मी बरीच वर्षं मिळेल ते वाचत आलेय, कारण ती माझ्या धंद्यातली बाई आहे. म्हणून हे उत्तर छापखान्याच्या बाजूनं आहे, सरांना ते वेगळं वाटेल कदाचित.

सरळ सांगायचं तर हो, ती उद्योजिकाच होती, आणि तेसुद्धा चळवळीत पडायच्या आधीपासून.

जन्म १७ फेब्रुवारी १८४८ चा, न्यू साउथ वेल्समधल्या मजी गावाजवळ गुंटावांग म्हणून जागा आहे तिथला. बारा भावंडांतली दुसरी. शाळेत हुशार, मास्तरांना वाटत होतं की हिनं शिकता शिकता शिकवावं, पण आईनं घरकामाला आणि धाकट्यांना सांभाळायला घरीच ठेवली, ही गोष्ट आपल्याकडे किती घरांत झाली ते मोजायला नको. अठराव्या वर्षी लग्न झालं, नवरा नील्स लार्सन, नॉर्वेचा खलाशी, सोनं सापडेल म्हणून जहाज सोडून आलेला, पुढे त्याचं नाव पीटर लॉसन झालं. १८६७ मध्ये मुलगा झाला, हेन्री, तोच पुढे ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध लेखक. नवरा कधी सोन्याच्या मागे, कधी बांधकामाच्या कामावर, घरात फारसा नसायचा, आणि ही त्या रानवटी भागात पोरं वाढवत बसलेली. तिथं तिनं पोस्ट ऑफिस चालवलं, काम सगळं तिचं पण कागदावर नाव नवऱ्याचं. भाषणात एवढी एकच गोष्ट घेतलीस तरी सरांना अर्धं उत्तर मिळेल.

माझीच गोष्ट सांगते. नवरा गेल्यावर मी एका बँकेत नव्या मशीनच्या कर्जासाठी गेले तेव्हा समोरच्या साहेबांनी सगळी कागदपत्रं चाळून विचारलं, घरात सही करायला पुरुष कोण आहे? मशीन चालवणारी मी, हिशेब लिहिणारी मी. आमच्या गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे लग्नानंतरच्या मालमत्तेत बायकोचा निम्मा हिस्सा धरलेला असतो, बाहेरचे लोक ऐकून थक्क होतात, पण मूळ कायद्यात त्या मालमत्तेचा कारभार नवऱ्याकडेच दिलेला होता हे कोणी सांगत नाही. नाव एकाचं नि हात दुसऱ्याचे हे काही एका सिडनीपुरतं नव्हतं.

१८८३ मध्ये ती मुलांना घेऊन सिडनीला आली. नवऱ्याकडून पैसे येत पण त्यांचा भरवसा नसे, म्हणून शिवणकाम केलं, लोकांचे कपडे धुतले आणि घरात भाडेकरू ठेवून खानावळ चालवली. या खानावळीच्या बचतीतून तिनं १८८७ मध्ये ‘रिपब्लिकन’ नावाच्या एका लहान वृत्तपत्रात पैसे घातले, ते वृत्तपत्र तिच्याच घरात एका जुन्या मशीनवर छापायचे, ती आणि हेन्री दोघं मिळून संपादन करायचे. म्हणजे बघ, आधी पैसा साठवला, मग मशीन हाताखाली आलं, मग धंदा शिकून घेतला, आणि त्यानंतर वर्षभरानं, १५ मे १८८८ ला, तिनं स्वतःचं मासिक काढलं. तेव्हा ती चाळीस वर्षांची होती.

मासिकाचं नाव ‘द डॉन’. भाषणात हे नाव घेतलंस की पोरं हसणार, म्हणून लगेच सांगून टाक की याचा अर्थ पहाट. संपादक म्हणून नाव छापलं होतं डोरा फाल्कनर, ते तिचंच टोपणनाव. पहिल्याच अंकात तिनं म्हटलं की बायकांची गाऱ्हाणी, विनवण्या आणि मागण्या सगळ्यांना मोठ्यानं ऐकू जातील असा हा फोनोग्राफ आहे. फोनोग्राफ म्हणजे एडिसनचं १८७७ चं यंत्र, तेव्हा नवलाईची वस्तू, आणि ही बाई तुतारी-नगारा सोडून नव्या मशीनची उपमा देते हे मला फार आवडतं, यंत्राशी दोस्ती असलेल्या माणसालाच असलं सुचतं.

आता मूळ मुद्दा. लोक म्हणतात की तिनं मासिकातून मताधिकाराचा प्रचार केला. खरं आहे, पण प्रचार करणारे पुष्कळ होते. तिनं केलेली वेगळी गोष्ट म्हणजे खिळे जुळवायला, छापायला, टपालात टाकायला बायकाच ठेवल्या, पगार देऊन. जोरात चालू असताना दहा जणी कामाला होत्या. ऑस्ट्रेलियात फक्त बायकांनी चालवलेलं असं ते पहिलं मासिक.

हे किती अवघड ते खिळे हाताळल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. डाव्या हातात स्टिक, ती एक छोटी धातूची पट्टी-पेटी, आणि उजव्या हातानं केसमधल्या, म्हणजे खिळे ठेवायच्या लाकडी ट्रेमधल्या, खणांतून एकेक खिळा उचलून त्यात लावायचा, अक्षर उलटं, ओळ डावीकडून उजवीकडे पण खिळा डोक्यावर उभा. कुठल्या खणात काय हे डोळ्यांनी बघायचं नाही, हाताला कळलं पाहिजे. ओळ भरली की शब्दांच्या मधे स्पेस घालून ती घट्ट करायची, सैल राहिली तर मशीनवर अक्षरं उडतात. मग ओळी गॅलीवर, प्रूफ काढायचं, चुका दुरुस्त करायच्या, पानं लोखंडी चौकटीत कसून बांधायची, हा झाला फर्मा. छपाई झाली की सगळे खिळे धुऊन परत आपापल्या खणात सोडवायचे, ते काम सगळ्यात कंटाळवाणं आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी ‘क’च्या खणात ‘फ’ सापडतो. इंग्रजीला दोन केस पुरतात, आमच्या देवनागरीला काना-मात्रा-जोडाक्षरांसकट किती खण लागायचे ते विचारू नकोस. आणि फर्मा उचलायचा तो शिसं भरलेला, माझी कंबर अजून आठवण काढते. दिवसभर उभं राहून काम. हे शिकायला पुरुषांना वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागायची, आणि बायकांना त्या उमेदवारीत कोणी घेतच नव्हतं.

तर तिथं झालं असं की न्यू साउथ वेल्सच्या छपाई कामगारांच्या युनियननं, टायपोग्राफिकल असोसिएशननं, डॉनवर बहिष्कार टाकला. बायकांना कामावरून काढा ही मागणी. बायका युनियनच्या सभासद नाहीत ही तक्रार, आणि बायकांना सभासद करून घेणार नाही हा नियमही त्यांचाच! जाहिरातदारांवर दबाव आणला. लुइसानं बायकांना काढलं नाही, उलट हे सगळं प्रकरण स्वतःच्या मासिकात छापून टाकलं.

इथं मी युनियनची बाजूही सांगते, कारण एकतर्फी भाषण ऐकायला बरं वाटतं पण समोर कोणी जाणकार बसला असेल तर पंचाईत होते. पुरुष कंपोझिटरांची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्या कामगारांची, भीती अगदी हवेतली नव्हती. १८७२ मध्ये एडिनबरामध्ये कंपोझिटरांचा संप झाला तेव्हा मालकांनी स्वस्तात काम करतात म्हणून बायका आणून बसवल्या होत्या. बाई आली की मजुरी पडते हे त्यांनी पाहिलेलं होतं. पण त्यावर उपाय बायकांना सारखी मजुरी आणि युनियनचं कार्ड हा होता, दार बंद करणं नाही. माझ्याकडे तीन कंपोझिटर होते, नवरा गेल्यावर पंधरा दिवसांत एक जण म्हणाला, वहिनी, तुमच्या हाताखाली काम करायला आमका बरें दिसना. गेला. दुसरा राहिला तो शेवटपर्यंत मला ‘वहिनी’च म्हणायचा पण प्रूफमधली चूक मी दाखवली की आधी चष्मा पुसायचा, मग मान्य करायचा. तिसरा मुकाट काम करायचा, त्यानंच मला लॉकिंग, म्हणजे पान चौकटीत कसून बांधणं, शिकवलं.

पैशाचं काय? पीटर लॉसन १८८८ च्या अगदी शेवटी वारला आणि त्याच्याकडून लुइसाला हजाराहून थोडे जास्त पौंड मिळाले. त्या काळी ती रक्कम मोठी. एखादीनं घर घेतलं असतं, हिनं छापखाना वाढवला. डॉनमध्ये नुसते मताधिकाराचे लेख असते तर ते सहा महिन्यांत बंद पडलं असतं, हे मी पैजेवर सांगते. त्यात फॅशन होती, घरगुती सूचना होत्या, गोष्टी, कविता, जाहिराती होत्या, आणि त्याच पानांवर मारकुट्या नवऱ्यांबद्दल, घटस्फोटाच्या कायद्याबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल आणि मताबद्दल सडेतोड लिखाण. घरात फ्रॉकचा नमुना बघायला मासिक उघडलं की शेजारीच मताधिकार. काही अभ्यासकांना हा फॅशनचा भाग उगाच वाटतो, मला तर तोच पाया वाटतो. त्याच्याच जोरावर मासिक दर महिन्याला निघत राहिलं, १८८८ ते १९०५, सतरा वर्षं. माझ्या डोळ्यांदेखत गोव्यात किती मराठी नियतकालिकं थाटात निघाली आणि तिसऱ्या अंकाला कागदवाल्याची उधारी बघून झोपली, त्यामुळे सतरा वर्षं हा आकडा मला तिच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो.

१८८९ मध्ये तिनं डॉन क्लब काढला, बायकांनी जमायचं, बोलायचं, वाद घालायचे, चारचौघांत उभं राहून बोलायची सवय करायची. १८९१ मध्ये वुमनहूड सफ्रेज लीग, बायकांच्या मताधिकारासाठीची संघटना, स्थापन झाली. पहिली बैठक डोरा माँटफिओरीच्या घरी, ही विधवा बाई, नवरा गेल्यावर वकिलानं तिला सांगितलं की मृत्युपत्रात नवऱ्यानं दुसऱ्या कोणाला पालक नेमलेलं नाही म्हणून मुलं तुमच्याकडे राहतील, म्हणजे आईचा मुलांवर स्वतःचा असा हक्कच नाही, आणि त्या धक्क्यातून ती चळवळीत आली. लीगची सेक्रेटरी रोझ स्कॉट, सुखवस्तू घरातली, मोठमोठ्या लोकांची तिच्याकडे ऊठबस. लुइसा लीगच्या कौन्सिलवर, म्हणजे कार्यकारी मंडळावर, होती, पण तिच्या बोटांना शाई. पुढे ती कौन्सिलमधून बाहेर पडली. दोघींच्या स्वभावाचं काय ते असो, मला वाटतं की ज्या बाईला शनिवारी दहा जणींचा पगार द्यायचाय तिला चहापानाच्या बैठका लांबल्या की घड्याळाकडे बघावंच लागतं.

आणि आता तो फुकटचा हिशेब, ज्यासाठी हे शीर्षक दिलंय. लीगची पत्रकं, हँडबिलं लुइसानं आपल्या छापखान्यात फुकट छापून दिली. पुस्तकांत हे एका ओळीत येतं आणि वाचणारा पुढे जातो. छापखान्यात फुकट म्हणजे काय ते मी सांगते. कागद फुकट नाही, शाई फुकट नाही, आणि एका पत्रकाला जी मुलगी अर्धा दिवस खिळे जुळवते तिचा पगार तर अजिबात फुकट नाही. तेवढा वेळ मशीन दुसऱ्या पैसे देणाऱ्या कामाला मिळत नाही तो तोटा वेगळा. म्हणजे प्रत्येक ‘फुकट’ पत्रकाचे पैसे डॉनच्या वर्गणीदार बायका आणि जाहिरातदार भरत होते, मधे उभी राहून तो पैसा इकडून तिकडे वळवणारी लुइसा. यालाच मी धंदा म्हणते. तिची प्रेस नसती तर लीगला बाहेरच्या छापखान्यात जावं लागलं असतं, तिथं मालक पुरुष, कामगार त्याच युनियनचे, आणि बिल आगाऊ.

आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा एक लाकडी ब्लॉक अजून आहे, फुलाचा. १९६७ च्या ओपिनियन पोलमध्ये, म्हणजे गोव्याच्या जनमत कौलात, ज्यांना महाराष्ट्रात विलीन व्हायचं त्यांची खूण फूल आणि ज्यांना वेगळं राहायचं त्यांची दोन पानं. मामंजी कट्टर फुलवाले, पण पानवाल्यांचंही काम घेतलं, दोघांकडून पैसे आधी. मी मात्र एकदा चुकले, एका उमेदवाराची पत्रकं उधारीवर छापली, ‘आपलाच माणूस’ म्हणून, तो पडला आणि त्या दिवसापासून आमच्या रस्त्यानं यायचाच बंद झाला. तेव्हापासून भिंतीवर उधारी बंदची पाटी आहे. सांगायचा मुद्दा, राजकारणाचं काम उधारीवर केलं की प्रेस बुडते हे या धंद्यात कोणालाही विचार, आणि लुइसा ते काम उधार पण नाही, फुकट करत होती आणि तरी प्रेस टिकवली.

तिच्या चुका पण सांगते, नाहीतर आरती वाटेल. १८९४ मध्ये हेन्रीचं पहिलं पुस्तक तिनंच छापलं, लेखन चांगलं पण छपाई बेताची. घरचं काम नेहमी शेवटी आणि घाईत होतं, माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत तारीख बरोबर पण वार चुकलेला होता, तेव्हा मी काय बोलू. टपालाच्या थैल्यांचं तोंड पक्कं बांधायचं एक बकल तिनं शोधून काढलं, त्याच्या हक्कावरून टपालखात्याशी लांबलचक भांडण झालं, त्यात पैसा आणि जीव दोन्ही गेले. १९०० मध्ये ट्रॅममधून पडून जबर मार बसला, कितीतरी महिने अंथरुणाला होती. तिथून छापखाना पहिल्यासारखा उभा राहिला नाही.

१९०२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बायकांना राज्याचं मत मिळालं, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संसदेसाठीचंही. पार्लमेंटमध्ये सभासदांशी तिची ओळख करून दिली ती न्यू साउथ वेल्समधल्या मताधिकाराची आई म्हणून. पहिला नंबर मात्र त्यांचा नाही, न्यूझीलंड १८९३, साउथ ऑस्ट्रेलिया १८९४, हे भाषणात नीट सांग, नाहीतर प्रश्नोत्तरात कोणीतरी पकडेल. आणि ‘वसाहत’ म्हणजे काय तेही एका वाक्यात सांग, न्यू साउथ वेल्स १९०१ पर्यंत ब्रिटिश वसाहत होती, पण आपल्यासारखी नाही, तिथं गोरे येऊन वसले आणि मूळच्या लोकांना बाजूला सारलं.

हा भाग मी तुला गाळू देणार नाही. १९०२ च्या त्या केंद्रीय कायद्यानं बायकांना मत दिलं आणि त्याच कायद्याच्या चौथ्या कलमानं ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांना, तसंच आशिया, आफ्रिका आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांना, न्यूझीलंड सोडून, मतदार यादीतून बाहेर ठेवलं. आधीच राज्याच्या यादीत नाव असलेल्यांना तेवढी सवलत. म्हणजे त्या वर्षी तू किंवा मी सिडनीत असतो, लुइसाच्या प्रेसमध्ये खिळे जुळवत असतो, तरी मत आपल्याला नाही, शेजारच्या गोऱ्या मुलीला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या लोकांना तिथं मत मिळायला १९२५ उजाडलं.

आपल्या बाजूचं एक उदाहरण जोडायचं असेल तर पोर्तुगालचं घे, कारण तेव्हा आपले कायदे तिथून यायचे. १९११ मध्ये कारोलिना बिआत्रिझ आंजेलो नावाच्या विधवा डॉक्टर बाईनं लिस्बनमध्ये मत दिलं, कायद्यात ‘कुटुंबप्रमुख’ लिहिलं होतं, पुरुष असं लिहिलं नव्हतं, ती कोर्टात जाऊन जिंकली. दोन वर्षांत, १९१३ ला, कायद्यात पुरुष हा शब्द घातला गेला. १९३१ मध्ये बायकांना मत दिलं तेसुद्धा माध्यमिक किंवा त्याच्या वरचं शिक्षण असलेल्यांनाच. गोव्यात सगळ्या प्रौढांनी, शिकलेल्या-न शिकलेल्या बायकांसकट, विधानसभेसाठी मत दिलं ते मुक्तीनंतर, डिसेंबर १९६३ मध्ये. आमच्या सासूबाई त्या दिवशी सकाळी पेज न घेताच गेल्या, परत येऊन शाईचं बोट बघत म्हणाल्या, आमच्या प्रेसची शाई यापेक्षा काळी.

लुइसा १२ ऑगस्ट १९२० ला गेली, सिडनीच्या ग्लेड्सव्हिल मनोरुग्णालयात, शेवटी स्मृती आणि मन दोन्ही ढासळलं होतं. १९१८ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या बायकांना विधानसभेला उभं राहायचा हक्क मिळाला तो तिच्या हयातीत. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियानं तिच्यावर टपाल तिकीट काढलं, टपालखात्याशी तिचं जे झालं ते बघता मला त्या तिकिटाचं हसू येतं.

भाषणाबद्दल एकच सूचना ऐक गो. सुरुवात हेन्रीनं करू नकोस, तो पाचव्या-सहाव्या मिनिटाला आला तरी चालेल. सुरुवात त्या पोस्ट ऑफिसनं कर, काम हिचं आणि नाव त्याचं, आणि तिथून थेट दहा जणींच्या पगारावर ये. स्टिक आणि थोडे इंग्रजी खिळे माझ्याकडे अजून आहेत, हवे तर दाखवायला ने, फक्त शुक्रवार सोडून ये, बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीत स्कूटर पण लागत नाही. आणि खिळे मोजून देईन, मोजून परत घेईन.